‘डेथ’वाला चक

आपल्या कॉलेजांत मेटल ऐकणारे पोट्टे मोजकेच. वर्गात एखाद-दुसरा. काळा टी-शर्ट, त्यावर कुणालाच वाचता न येणारा लोगो. मे महिन्यात अकोल्यात पारा ४५ च्या वर गेला तरी टी-शर्ट काळाच. त्यांना आवडता गिटारिस्ट विचारून बघा. बहुतेक जण मेटॅलिका किंवा आयर्न मेडनमधलं कुणाचं तरी नाव घेतील. दोघं-तिघं मात्र जरा थांबतील आणि नुसतं चक म्हणतील. आडनाव सांगणार नाहीत. शुल्डिनर हे आडनाव जिभेवर नीट बसत नाही हे एक, आणि ज्याला माहीत आहे त्याला चक एवढंच पुरतं हे दुसरं.

चक शुल्डिनर म्हणजे ‘डेथ’ या अमेरिकन बँडचा गिटारिस्ट, गायक, गाणी लिहिणारा आणि चाली बांधणारा. थोडक्यात, बँड म्हणजेच तो. १३ डिसेंबर २००१ ला तो गेला तेव्हा त्याचं वय होतं ३४. आज जे फर्स्ट इयरला आहेत त्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. तरी रात्री दोन वाजता होस्टेलच्या रूमवर कुणीतरी ‘सिम्बॉलिक’ हा १९९५ चा अल्बम लावतं आणि बाजूच्या खाटेवरचा उठून विचारतो, हे काय आहे काहून. मी तो बाजूच्या खाटेवरचा होतो. तेव्हा वैतागलो होतो, हे कबूल करतो.

चकचा जन्म १३ मे १९६७ चा, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरचा. वर्षभरात कुटुंब फ्लोरिडाला गेलं आणि पोरगा तिथलाच झाला. वडील ऑस्ट्रियाहून आलेल्या ज्यू घराण्यातले, आई जेन अमेरिकेच्या दक्षिण भागातली. दोघंही शिक्षक. तीन भावंडांत हा शेंडेफळ. मोठी बहीण बेथ आणि मोठा भाऊ फ्रँक.

फ्रँक १६ वर्षांचा असताना अपघातात गेला. चक तेव्हा नऊ वर्षांचा. घर एकदम गप्प झालं. धाकट्याचं मन कशात तरी रमावं म्हणून आईवडिलांनी त्याला गिटार आणून दिली आणि क्लास लावला. क्लासमध्ये क्लासिकल पद्धत, साधी अकूस्टिक गिटार आणि बालगीतं. पोरगा कंटाळला. वर्षही पूर्ण झालं नाही आणि क्लास सुटला. गोष्ट इथेच संपायची. पण कुणीतरी घरासमोर जुनं सामान मांडून विकत होतं, त्यात आईवडिलांना एक इलेक्ट्रिक गिटार दिसली. त्यांनी ती उचलली. मग पोरगा खोलीतून बाहेरच येईना. पुढे त्यानं कुणाकडे शिकवणी लावली नाही. रेकॉर्ड लावायची, सुई मागे घ्यायची, पुन्हा ऐकायचं, बोटं लावून बघायचं.

या आईबद्दल दोन शब्द आत्ताच सांगतो, कारण पुढे ती परत येणार आहे. तुम्ही घरी डेथ मेटल लावून बघा आणि आईचा चेहरा बघा. जेनबाईंच्या पोरानं बँडचं नावच ‘डेथ’ ठेवलं. एक पोरगा गमावलेल्या बाईच्या घरात. तरीही तिनं त्याला अडवलं नाही, उलट शेवटपर्यंत त्याची बाजू धरली. भावाचा मृत्यू आणि बँडचं नाव यांची गाठ मारायचा मोह सगळ्यांना होतो. मला ती गाठ मारायची नाही. त्या काळी त्या वयाची पोरं बँडला असलीच नावं ठेवत होती.

शाळेत हुशार होता, पण जीव लागेना. शिक्षण अर्धवट सोडलं. दोन शिक्षकांच्या घरातला पोरगा, म्हणजे घरी काय झालं असेल विचार करा. पुढे त्याला स्वतःला या निर्णयाचा पस्तावा झाला होता, हेही सांगून ठेवतो. नाहीतर कुणी हा लेख घरी दाखवून कॉलेज सोडायची परवानगी मागेल.

१९८३ मध्ये, सोळाव्या वर्षी, त्यानं रिक रॉझ आणि कॅम ली या दोघांना घेऊन ‘मँटास’ नावाचा बँड काढला. पुढच्याच वर्षी त्याचं नाव ‘डेथ’ झालं. वाजवायला जागा म्हणजे घराचं गॅरेज, आणि रेकॉर्डिंग म्हणजे साधा टेपरेकॉर्डर. या कॅसेट जगभर पोचल्या कशा, तर टपालानं. तेव्हा टेप ट्रेडिंग नावाचा प्रकार होता. तू मला तुझ्या गावच्या बँडची कॅसेट पाठव, मी तुला माझ्या गावच्या बँडची पाठवतो. कॉपीची कॉपी, त्या कॉपीची कॉपी. पाचव्या हातात पोचेपर्यंत गाण्यापेक्षा खरखर जास्त. आपल्याकडेही भजनी मंडळाच्या आणि कव्वालीच्या कॅसेट अशाच एका टेपवरून दुसऱ्या टेपवर उतरून गावोगाव फिरायच्या, घरात कुणाला विचारलं तर सांगतील. ‘रेन ऑफ टेरर’ (१९८४) आणि ‘इन्फर्नल डेथ’ (१९८५) या ‘डेथ’च्या डेमो कॅसेट अशाच युरोपपर्यंत गेल्या. बँडचा एकही अल्बम नव्हता, पण नाव झालं होतं.

पोरं मात्र टिकत नव्हती. चक बँड घेऊन फ्लोरिडाहून सॅन फ्रान्सिस्कोला गेला, परत आला. कॅनडात टोरंटोच्या ‘स्लॉटर’ बँडमध्ये सामील झाला, तिथे दोन आठवडे काढले, पुन्हा परत. शेवटी सॅन फ्रान्सिस्कोकडे ख्रिस रायफर्ट नावाचा ड्रमर सापडला आणि दोघांनी मिळून १९८७ मध्ये पहिला अल्बम काढला, ‘स्क्रीम ब्लडी गोर’. ड्रम रायफर्टचे. गिटार, बेस आणि आवाज तिन्ही चकचे. आधी फ्लोरिडात केलेलं रेकॉर्डिंग कंपनीला पसंत पडलं नाही, म्हणून लॉस एंजेलिसला जाऊन सगळं नव्यानं वाजवलं. वय तेव्हा १९.

हा डेथ मेटलचा पहिला अल्बम, असं बरेच जण सांगतात. त्यावर भांडणंही होतात, कारण कॅलिफोर्नियाच्या ‘पझेस्ड’ बँडचा ‘सेव्हन चर्चेस’ १९८५ चा. स्वतः चकला डेथ मेटलचा बाप वगैरे म्हटलेलं आवडायचं नाही. मला विचाराल तर हा अल्बम आज थोडा पोरकटच वाटतो. भुतं, सांगाडे, रक्त, भयपटांतून उचललेले सीन. १९ वर्षांचा पोरगा दुसरं काय लिहिणार. पण गिटारमध्ये काहीतरी आहे. मधेच एखादी सुरेल ओळ येते आणि लगेच निघून जाते, जणू लाजून.

पुढचं भराभर सांगतो. १९८८ ला ‘लेप्रसी’, १९९० ला ‘स्पिरिच्युअल हीलिंग’. दोन्ही फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरात, मॉरिसाउंड स्टुडिओत झाले. हा स्टुडिओ मॉरिस भावंडांचा. मॉर्बिड एंजेल, ऑबिच्युअरी, डीसाइड अशा त्या भागातल्या बँडांची रांग तिथे लागली आणि टॅम्पा ही डेथ मेटलची पंढरी झाली. ‘स्पिरिच्युअल हीलिंग’मध्ये भुतं गेली आणि माणसं आली. देवाच्या नावावर रोग बरा करतो सांगून पैसे उकळणारे बुवा, अमली पदार्थ, खुनाचं वेड. बुवाबाजीवर जोरात गाणं म्हणायची परंपरा आपल्या भागाला नवी नाही, गाडगेबाबांनी आयुष्यभर कीर्तनातून तेच केलं. आवाज वेगळा, राग तोच.

१९९० मध्ये चकनं एक गोष्ट केली जी त्याचे भक्त पटकन सांगत नाहीत. युरोपचा दौरा ठरला होता, तारखा लागल्या होत्या, आणि ऐन वेळी त्यानं जायला नकार दिला. तयारी धड नाही असं त्याचं म्हणणं. बाकीचे दोघं, टेरी बटलर आणि बिल अँड्र्यूज, बदली माणसं घेऊन ‘डेथ’ याच नावानं युरोपात वाजवून आले. जो बँड म्हणजेच चक, तो चकशिवाय फिरून आला. परत आल्यावर दोघांनाही बँडबाहेरचा रस्ता. कुणाचं चुकलं? माझ्या मते दोन्हीकडचं. चकबरोबर काम करणं सोपं नव्हतं. ‘डेथ’च्या सात अल्बमपैकी कुठल्याही दोन अल्बमवर एकच्या एक माणसं नाहीत. नेहमी राहिला तो फक्त चक.

पण या भांडणातूनच चांगलं ते निघालं. त्यानं ठरवलं की कायमचा बँड ठेवायचाच नाही. प्रत्येक अल्बमला त्या वेळी सापडतील ते उत्तम वाजवणारे घ्यायचे. १९९१ च्या ‘ह्यूमन’साठी त्यानं ‘सिनिक’ बँडचे पॉल मॅसव्हिडल आणि शॉन रायनर्ट घेतले. जॅझ ऐकलेली पोरं. बेसला स्टीव्ह डी जॉर्जिओ. एकदम वेगळंच काहीतरी झालं. वेग तोच, घशातला आवाज तोच, पण आता ताल मोडतो, जोडतो, वळतो, आणि मधे शांत जागाही येतात. १९९३ च्या ‘इंडिव्हिज्युअल थॉट पॅटर्न्स’मध्ये जीन होग्लन हा अवाढव्य ड्रमर आणि ‘किंग डायमंड’चा गिटारिस्ट अँडी लारॉक आला. ‘द फिलॉसॉफर’ या गाण्याचा व्हिडिओ एमटीव्हीवर लागला.

आता त्या अल्बमकडे, ज्यानं माझी झोप मोडली होती.

त्याआधी मेलडिक डेथ मेटल म्हणजे काय ते दोन ओळींत. डेथ मेटलमध्ये गिटार खाली उतरवून लावलेली, ड्रम मशीनगनसारखे आणि आवाज पोटातून काढलेला. त्यात चाल शोधू नये. पण नव्वदीत काही लोकांना वाटलं की चाल का नको? आयर्न मेडनसारख्या बँडांत दोन गिटार एकच धून वेगवेगळ्या पट्टीत सोबत वाजवतात, ते इथे आणलं तर? इंग्लंडच्या ‘कारकस’नं १९९३ च्या ‘हार्टवर्क’मध्ये ते केलं. स्वीडनच्या गॉथेनबर्ग शहरातून १९९५ ला ‘अ‍ॅट द गेट्स’चा ‘स्लॉटर ऑफ द सोल’ आणि ‘डार्क ट्रँक्विलिटी’चा ‘द गॅलरी’, १९९६ ला ‘इन फ्लेम्स’चा ‘द जेस्टर रेस’ आला, आणि या प्रकाराला नाव पडलं. चक त्या टोळीतला नव्हता. लेबल लावणारे त्याच्यावर टेक्निकल किंवा प्रोग्रेसिव्ह अशी चिठ्ठी चिकटवतात. पण फ्लोरिडाच्या उन्हात बसून तोही त्याच वाटेनं आला होता आणि त्याच वर्षी, मार्च १९९५ मध्ये, त्यानं ‘सिम्बॉलिक’ काढला.

नऊ गाणी, साधारण ५० मिनिटं. पुन्हा मॉरिसाउंड, या वेळी निर्माता स्वतः जिम मॉरिस. ड्रमवर होग्लन, दुसऱ्या गिटारवर बॉबी कोबल, बेसवर केली कॉनलन. पहिलंच गाणं ‘सिम्बॉलिक’ लहानपणाच्या निरागसपणाबद्दल आहे, जो गेला तो परत येत नाही. मोठ्यानं, दात-ओठ खाऊन म्हटलेली ही आठवण आहे, आणि म्हणून रडकी होत नाही. ‘१,००० आइज’ हे गाणं सतत कुणीतरी आपल्यावर नजर ठेवून आहे याबद्दल. १९९५ मध्ये. स्मार्टफोन नव्हता, चौकाचौकात कॅमेरे नव्हते. ‘क्रिस्टल माउंटन’ धर्माच्या उंच डोंगरावर बसून खालच्यांना पापी ठरवणाऱ्यांवर. या गाण्याचा सुरुवातीचा गिटारचा तुकडा एकदा ऐकला की दिवसभर डोक्यात फिरतो. डेथ मेटल ऐकून कुणी गुणगुणतं का? हे गुणगुणतात.

होग्लनच्या ड्रमबद्दल सांगायचं तर आपल्याकडचाच दाखला द्यावा लागेल. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्यात गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन कावडी राजेश्वराला येतात. रात्रभराची पायपीट, आणि शहरात शिरताना ढोल-ताशे असे वाजतात की छातीच्या आत कुणीतरी ठोकतंय असं वाटतं. ते ऐकलेल्या माणसाला डबल बासचे ड्रम समजावून सांगायची गरज नाही. फरक इतकाच की होग्लन ते दोन पायांनी करतो आणि वर हातांनी वेगळाच हिशेब चालू ठेवतो.

‘सिम्बॉलिक’ झाल्यावर चकला वाटू लागलं की आपला घसा पुरे झाला. त्याला उंच, स्वच्छ आवाजात गाणारा गायक हवा होता. त्यासाठी ‘कंट्रोल डिनाइड’ हा वेगळा बँड काढायचं ठरलं. मधे आणखी एक ‘डेथ’चा अल्बम झाला, १९९८ चा ‘द साउंड ऑफ पर्सिव्हरन्स’. नवी, फारशी नाव नसलेली माणसं घेऊन केलेला. त्यात ‘व्हॉइस ऑफ द सोल’ हा तुकडा आहे. शब्द नाहीत, ड्रम नाहीत. फक्त गिटार, अकूस्टिक आणि इलेक्ट्रिक. ज्यांना मेटल सहन होत नाही त्यांना मी आधी हा ऐकवतो. त्याच अल्बमच्या शेवटी ज्युडास प्रीस्टचं ‘पेनकिलर’ आहे, ते म्हणताना चकनं आवाज इतका वर नेलाय की हाच तो माणूस यावर विश्वास बसत नाही.

१९९९ ला ‘कंट्रोल डिनाइड’चा ‘द फ्रॅजाइल आर्ट ऑफ एक्झिस्टन्स’ आला. गायक टिम एमर. जगण्याची नाजूक कला असा काहीसा त्या नावाचा अर्थ. त्याच वर्षी चकची मान दुखायला लागली.

मान दुखते म्हटल्यावर आपण काय करतो? उशी बदलतो, तेल लावून चोळून घेतो, फार तर हाडवैद्याकडे जातो. त्यानंही तेच केलं. नस दबली असेल म्हणून मणके बसवणाऱ्याकडे गेला, मालिश करून घेतली, ॲक्युपंक्चरवाल्याला दाखवलं. शेवटी कुणीतरी एमआरआय करायला सांगितलं. १३ मे १९९९, त्याचा बत्तिसावा वाढदिवस. त्या दिवशी कळलं की मेंदूच्या देठाशी ट्यूमर आहे. पॉन्टाइन ग्लायोमा. श्वास, गिळणं, हातपाय हलवणं यांच्या तारा जिथून जातात ती जागा.

रेडिएशन सुरू झालं. ऑक्टोबरमध्ये घरच्यांनी कळवलं की गाठ मरत चालली आहे. उरलेली काढायला जानेवारी २००० मध्ये ऑपरेशन झालं. खर्च ७० हजार डॉलरच्या वर, तेव्हाच्या दरानं सुमारे ३० लाख रुपये. घरच्यांकडे ते नव्हते. सात अल्बम, एमटीव्हीवर व्हिडिओ, युरोपभर पोस्टर, आणि ऑपरेशनला पैसे नाहीत. मेटलमध्ये नाव मिळतं, बँकेत काही पडत नाही. ज्या अमेरिकेची आपण स्वप्नं बघतो तिथली ही गोष्ट आहे. मग वर्गणी सुरू झाली. बँडांनी मदतीसाठी शो केले. कॉर्न, किड रॉक, रेड हॉट चिली पेपर्स, मॅरिलिन मॅन्सन अशा मोठ्या नावांनी वस्तू लिलावाला दिल्या. चाहत्यांनी जमेल तेवढे पाठवले.

तो घरी आला. पुन्हा गिटार हातात घेतली, ‘कंट्रोल डिनाइड’च्या दुसऱ्या अल्बमचं रेकॉर्डिंग सुरू केलं. २००१ मध्ये ट्यूमर परतला. पुन्हा ऑपरेशन हवं, पुन्हा पैसे हवेत. मधल्या काळात विमा काढला होता, पण दुखणं विम्याच्या आधीचं म्हणून कंपनीनं हात वर केले. पुन्हा वर्गणी. केमोथेरपीनं शरीर पार पोखरलं. नोव्हेंबरात न्यूमोनिया झाला आणि १३ डिसेंबरला दुपारी चारच्या सुमारास तो गेला.

‘डेथ’ नावाच्या बँडवाल्याबद्दल लोकांच्या डोक्यात जे चित्र असतं, त्यात हा माणूस बसत नाही. घरी असला की बागेत काम, कुत्र्या-मांजरांत रमणं, स्वयंपाक. बँडच्या लोगोत आधी ‘टी’ अक्षराच्या जागी उलटा क्रॉस होता, तो त्यानं पुढे काढून साधा ‘टी’ केला, कारण त्याला धर्माच्या भांडणात ओढलं जायचं नव्हतं. दरवेळी लोगो थोडा साफ होत गेला, गाण्यांसारखाच.

मागे राहिलेलं काम आई जेन आणि बहीण बेथ यांनी सांभाळलं. जेनबाई चाहत्यांच्या पत्रांना उत्तरं द्यायच्या. ‘कंट्रोल डिनाइड’चा दुसरा अल्बम कायद्याच्या कचाट्यात आणि अर्धवट रेकॉर्डिंगमध्ये अडकला. २०१२ पासून त्याचे जुने साथीदार ‘डेथ टू ऑल’ या नावानं एकत्र येऊन ही गाणी वाजवतात. ज्या माणसाबरोबर एका अल्बमपेक्षा जास्त टिकणं कठीण होतं, त्याच्यासाठी हे सगळे स्टेजवर एकत्र उभे राहतात, याची मला गंमत वाटते.

आपल्याकडे काय, असं विचाराल. मुंबईत ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ हा बँड २००० पासून आहे. त्यांचा २०१७ चा ‘दशावतार’ अल्बम मत्स्य, कूर्म, वराह असा अवतारांवर बांधलेला, चालीची बाजू धरणारा डेथ मेटल. ‘भयानक मौत’ नावाचा बँडही मुंबईचाच, नाव ऐकून हसू नका, वाजवतात जबरदस्त. वऱ्हाडातून अजून कुणी त्या स्टेजवर गेलेलं माझ्या कानावर नाही. गॅरेजं आपल्याकडेही आहेत.

ऐकायला सुरुवात करायची तर पहिल्या अल्बमपासून करू नका, पळून जाल. ‘व्हॉइस ऑफ द सोल’, मग ‘क्रिस्टल माउंटन’, मग अख्खा ‘सिम्बॉलिक’, इयरफोन लावून, म्हणजे बाजूचा झोपेल. शेवटचं ‘पेरेनियल क्वेस्ट’ आठ मिनिटांच्या वर आहे, मधेच बंद करू नका. धडाधड चाललेलं गाणं शेवटी हळू होत जातं, आवाज थांबतो, आणि अकूस्टिक गिटार उरते. क्लासमध्ये ज्या गिटारला कंटाळून पोरगा उठून गेला होता, तीच.